मॅन्युअल मस्टँगला ड्रॅग टायर घातले तरी लाँच फसतोय? आधी हे तपासा

महागाचे चिकट टायर घेतले, घातले, ड्रॅग रेसच्या (सरळ पट्ट्यावर थांबल्या जागेवरून सुसाट निघायच्या शर्यतीच्या) ट्रॅकवर गेलो, लाँचला, म्हणजे उभ्या जागेवरून सुटताना, क्लच सोडला आणि एकतर टायर गरगर फिरले नाहीतर गाडीचं मागचं अंग धडधड उडायला लागलं, आणि ट्रॅकवाल्यांकडून हातात आलेल्या वेळेच्या स्लिपवर पहिल्या साठ फुटांचा टाइम जुन्या साध्या टायरपेक्षाही वाईट. हा प्रॉब्लेम मी सलग दोन सीझन भोगलाय. आता इकडे न्यू जर्सीत आपल्यातल्याच दोन-तीन पोरांनी मॅन्युअल मसल कार घेतल्यात, त्यांचंही अगदी हेच चाललंय, दर महिन्याला कोणीतरी फोन करून विचारतं की दादा कुठला टायर घेऊ. टायरचं नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही, म्हणून एकदा नीट लिहून काढतो.

माझी गाडी २०११ची फोर्ड मस्टँग जीटी, ५.० लिटर, ४१२ हॉर्सपॉवर, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स, मागे सॉलिड एक्सल (दोन्ही मागची चाकं एकाच अखंड एक्सलवर) आणि एक्सलचा गिअर रेशो ३.५५. आधी इंग्लिशटाऊनच्या ट्रॅकला जायचो, एडिसनहून जवळ पडायचं, पण जानेवारी २०१८मध्ये तिथलं ड्रॅग रेसिंग बंद झालं, मग ॲटको, तेही २०२३मध्ये गेलं, आता ग्रेट मेडोजचं आयलंड ड्रॅगवे नाहीतर सीमा ओलांडून पेनसिल्व्हेनियातलं मेपल ग्रोव्ह. म्हणजे टायर घालून तास-दोन तास हायवेने जायचं, पळवायचं आणि त्याच टायरवर घरी यायचं. स्ट्रीट-लीगलचा, म्हणजे रस्त्यावर कायदेशीर चालण्याचा मुद्दा माझ्यासाठी शोभेचा नाही, ट्रेलर नाही माझ्याकडे.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. क्वार्टर माइल म्हणजे ४०२ मीटर, पण रेस ठरते ती पहिल्या साठ फुटांत. साठ फुटांत ०.१ सेकंद वाचलं की शेवटी साधारण ०.१५ सेकंद वाचतं असा सगळ्यांचा ढोबळ हिशोब आहे. त्यामुळे पूर्ण टाइम किती आला ते मी नंतर बघतो, स्लिप हातात आली की आधी नजर साठ फुटांवर.

आता मुद्द्याचं. ऑटोमॅटिकवाल्याने सांगितलेला टायर मॅन्युअलवाल्याने डोळे झाकून घेऊ नये. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तेलातून ताकद जाते, त्यामुळे टायरला ती हळूहळू दाबत नेल्यासारखी मिळते. मॅन्युअलमध्ये तुम्ही साडेचार हजार आरपीएमवर इंजिन धरून ठेवलंय, फ्लायव्हील (इंजिनच्या मागची जड चकती) तेवढ्या वेगाने फिरतंय, आणि तुम्ही क्लचवरून पाय काढला की ती सगळी साठलेली ताकद एका क्षणात मागे जाते. हातोडा मारल्यासारखी. हा धक्का कुठेतरी जाणारच. एकतर क्लच घसरून तो पोटात घेईल, किंवा टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, दबून घेईल, किंवा टायर फिरेल, आणि यातलं काहीच झालं नाही तर एक्सल, हाफ शाफ्ट, डिफरन्शियल, गिअरबॉक्स यातलं जे सगळ्यात कच्चं असेल ते तुटेल. मॅन्युअल गाडीला टायर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारायचा की माझ्या गाडीत हा धक्का कोण घेणार आहे. टायर किती चिकट हा नंतरचा प्रश्न.

रस्त्यावर चालणारे ड्रॅग टायर दोन जातीचे. एक ड्रॅग रेडियल (आतल्या थराचे धागे सरळ आडवे) आणि दुसरा डीओटी छाप (अमेरिकेत रस्त्यावर चालवायला लागणारा) असलेला बायस-प्लाय (धागे तिरके). ड्रॅग रेडियल नव्वदच्या दशकात बीएफ गुडरिचने पहिल्यांदा बाजारात आणला, आज मिकी थॉम्प्सनचे ईटी स्ट्रीट आर आणि ईटी स्ट्रीट एस/एस, निट्टोचे एनटी५५५आर आणि एनटी०५आर, हूझियरचा डीओटी ड्रॅग रेडियल अशी बरीच नावं आहेत. बायसमध्ये हूझियरचा क्विक टाइम प्रो आणि ईटी स्ट्रीट आरचाच बायस प्रकार. हो, ईटी स्ट्रीट आर या एकाच नावाखाली रेडियल पण येतो आणि बायस पण येतो, ऑर्डर करताना साइज कशी लिहिलीय ते बघा, २७५/४० आर १७ असं मधे आर आलं तर रेडियल, आणि २६ किंवा २८ इंच उंचीने सुरू होणारी साइज असेल तर बहुधा बायस. माझ्या ओळखीत एकाने घाईत उलटं मागवलं होतं.

दोघांचा स्वभाव एकदम वेगळा. रेडियलची साइडवॉल मागेपुढे ताठ असते, ती दबून धक्का गिळत नाही, आणि रेडियलला फिरणं अजिबात सहन होत नाही, एकदा सुटला की सुटला, तुम्ही ॲक्सिलरेटर पूर्ण सोडल्याशिवाय परत पकडत नाही. बायस मऊ, लाँचच्या वेळी त्याच्या साइडवॉलला सुरकुत्या पडतात, टायर रिमभोवती पिळला जातो आणि मग सुटतो, त्या पिळण्यातच क्लचचा अर्धा धक्का जिरतो. शिवाय थोडा फिरला तरी परत पकडतो. म्हणून क्लच धाडकन सोडणारे जुने लोक अजूनही बायसच घालतात आणि ऑटोमॅटिकवाले रेडियलवर झपाझप पळतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. आपण मधे अडकतो कारण आपल्याला मॅन्युअल पण हवं आणि घरी पण यायचंय.

टायर बदलण्याआधी मात्र चार गोष्टी तपासा, कारण माझे पहिले पैसे इथेच वाया गेले.

सगळ्यात आधी व्हील हॉप. टायर फिरणं आणि व्हील हॉप यात लोक गल्लत करतात. टायर नुसता फिरत असेल तर आवाज एकसारखा येतो, इंजिनचा आरपीएम सर्रकन वर जातो, गाडी थोडी आडवी जाते. हॉप असेल तर मागून धड-धड-धड असे ठोके बसतात, सीटमधून पाठीत जाणवतात, आरशातलं सगळं चित्र हलतं. टायर पकडतो, पिळतो, सुटतो, परत पकडतो, हे सेकंदाला कितीतरी वेळा चालू असतं आणि प्रत्येक वेळी एक्सलवर उलटसुलट घाव बसतो. हॉप सुरू झाला की त्याच क्षणी पाय काढायचा, पुढे रेटायचं नाही, ती स्लिप गेली तर गेली. लोकांचे एक्सल तुटतात ते बहुतेक याच धडधडीत तुटतात.

मला काय झालं होतं सांगतो. एका दुकानातून गाडी दीड इंच खाली बसवून घेतली होती, दिसायला मस्त, आणि त्यानंतर लगेचच्या सीझनला चिकट रेडियल घातले. आधी साध्या टायरवर हॉप नव्हता कारण टायर पकडतच नव्हता. आता टायर पकडायला लागला आणि गाडी उड्या मारायला लागली. मी समजलो टायर खराब लागले. टायरवाल्याशी वादही घातला, त्याची काही चूक नव्हती. शेवटी मित्राला ट्रॅकच्या कडेला उभं करून फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढायला लावला, मागच्या चाकावरच नेम धरून. घरी येऊन तो व्हिडिओ मी तीस-चाळीस वेळा बघितला असेल. टायरची साइडवॉल जरा दबते, मग अख्खा एक्सल पुढच्या बाजूने वर उचलल्यासारखा वळतो, टायर जमिनीवरून हलका होतो, परत आदळतो. त्यात दिसलं की गाडी खाली बसवल्यामुळे खालच्या कंट्रोल आर्मचं (एक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याचं) पुढचं टोक मागच्या टोकापेक्षा खाली गेलंय. ते उलटं हवं, पुढचं टोक वर, म्हणजे ताकद आली की एक्सल टायरला जमिनीत दाबतो. एक्सलच्या बाजूला रिलोकेशन ब्रॅकेट लावून आर्मचं मागचं टोक खाली घेतलं, वरच्या आर्मचं झिजलेलं बुशिंग (जोडावरचं रबर) बदललं, आणि त्याच टायरवर, त्याच हवेवर हॉप गेला. टायरला हातही लावला नव्हता.

ज्यांच्याकडे २०१५ आणि त्यानंतरची मस्टँग आहे किंवा २०१० आणि त्यानंतरची कमारो आहे त्यांना मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी हलणारं) आहे, तिथे हॉपचं कारण वेगळं, सबफ्रेमचे (मागचं सस्पेन्शन धरणाऱ्या पाळण्याचे) आणि डिफरन्शियलचे रबरी बुशिंग दबतात आणि अख्खा पाळणा हलतो. त्यांनी सबफ्रेमचे ब्रेस आणि घट्ट बुशिंग यावर आधी खर्च करावा, टायर नंतर. चिकट टायर आणि मऊ बुशिंग ही जोडी हाफ शाफ्ट खाते.

दुसरं, हवा. रस्त्यावरची ३२ पीएसआय तशीच ठेवून लाँच करणारे लोक मी डोळ्यांनी बघितलेत. माझ्यासारख्या साधारण ३,६०० पौंडांच्या गाडीला ड्रॅग रेडियलमध्ये २० पीएसआयपासून सुरू करा आणि एकेक पीएसआय खाली-वर करून बघा, १८ ते २२च्या मधे कुठेतरी तुमची जागा सापडेल. १७च्या खाली गेलात की रेडियलची साइडवॉल बसते, मधला भाग वर उचलला जातो आणि शंभर मैलांच्या वेगाला गाडी मागून डोलायला लागते, जीव घाबरतो. बायसला अजून कमी चालते, १५-१६पासून सुरू करून खाली यायचं. आणि हवा मोजायची ती प्रत्येक वेळी सारख्याच परिस्थितीत, उन्हात उभी असलेली बाजू दोन पीएसआयने जास्त दाखवते, हे मला फार उशिरा कळलं, गाडी दर वेळी उजवीकडे का ओढतेय म्हणून मी अलाइनमेंट करून आलो होतो.

हवा बरोबर आहे का ते कळायला सोपी युक्ती आहे. पांढरा शू पॉलिश घ्या, टायरवर आडवा एक पट्टा मारा, या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, आणि एक लाँच करून या. मधला पुसला आणि कडा राहिल्या तर हवा जास्त. कडा पुसल्या आणि मधे पांढरं राहिलं तर कमी. सगळीकडे सारखं पुसलं गेलं की तो आकडा वहीत लिहा. आणखी एक पट्टा रिमवरून टायरवर असा सरळ उभा मारा, म्हणजे टायर रिमवरच सरकतोय का ते दिसतं. कमी हवेवर क्लच जोरात सोडला की टायर रिममध्ये इंचभर फिरतो, मग बॅलन्सिंग बिघडतं आणि परतीच्या रस्त्यात स्टिअरिंग थरथरतं आणि माणूस समजतो बेअरिंग गेलं.

तिसरं, टायर गरम करणं. हे मी पटकन सांगतो कारण ट्रॅकवर दोनदा गेलात की जमतं. ड्रॅग टायर असेल तर लाइनच्या मागे टायर भिजवायला केलेल्या पाण्याच्या डबक्याच्या अगदी कडेला मागची चाकं टेकवायची, पुढची चाकं पाण्यातून न्यायची नाहीत, दुसऱ्या गिअरमध्ये टायर फिरवायचे, हलका धूर आला की बास. रेडियलला ढगभर धूर काढायची गरज नाही, उलट जास्त तापवला की वरचा थर तेलकट होतो आणि पकड जाते. साधे खोल खाच्यांचे टायर असतील तर पाण्यात जाऊच नका, खाच्यांत पाणी धरून लाइनवर येतं आणि मागच्याचाही लाँच बिघडतो. २०१५ आणि त्यानंतरच्या मस्टँग जीटीत लाइन लॉक (फक्त पुढचे ब्रेक धरून ठेवणारी सोय) कंपनीचाच येतो, माझ्या गाडीत नाही, मी पुढचे ब्रेक पायाने सांभाळतो आणि मागचे ब्रेक पॅड जरा लवकर झिजतात, ते धरून चालायचं.

चौथं, आणि मॅन्युअलवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, डावा पाय. रेडियलवर क्लचवरून पाय सरकन बाजूला काढायची सवय असेल तर कुठलाही रेडियल तुमचा नाही, कितीही महाग घ्या. रेडियलवर साधारण साडेतीन-चार हजारावर धरून क्लच जवळजवळ एक सेकंदभर घसरवत सोडावा लागतो, म्हणजे धक्का क्लचने घ्यायचा. तो वास येतो, ती क्लचची किंमत आहे, मान्य करून चालायचं. आणि उलटा प्रॉब्लेमही असतो, टायर फारच पकडला आणि आरपीएम कमी असला की इंजिन गुदमरतं, काटा धपकन दोन हजारावर येतो, गाडी क्षणभर झोपते आणि मग उठते. हे झालं की लोक परत टायरला दोष देतात. तिथे टायर बरोबर आहे, आरपीएम पाचशेने वाढवा. मी डॅशबोर्डवर फोन लावून आरपीएमचा काटा रेकॉर्ड करतो, कारण त्या दीड सेकंदात आपल्याला आपलाच पाय काय करतोय ते आठवत नाही. मला पक्कं वाटत होतं की मी चार हजारावर सोडतोय, व्हिडिओत दर वेळी वेगळं, एकदा ३,४००, एकदा ४,८००. साठ फुटांचे टाइम उगाच नाचत नव्हते. क्लच किती झटक्यात पकडेल हे बांधून ठेवणारी साधनं मिळतात, पेडल शेवटच्या टप्प्यात हळू सोडणारी, ज्यांना पाय जमत नाही त्यांनी दुसरा महाग टायर घेण्यापेक्षा त्यात पैसे घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं सगळं करूनही लाँच फसतोय, मग टायर बदलायचा.

आणि इथे सगळे रुंदीच्या मागे लागतात. २७५ का ३०५ का ३१५. मी म्हणतो मॅन्युअलवाल्याने आधी साइडवॉलची उंची बघावी. हिशोब सोपा आहे, रुंदी गुणिले दुसरा आकडा भागिले शंभर. माझ्या गाडीचा मूळ टायर २३५/५० आर १८, साइडवॉल ११७ मिलिमीटर, एकूण उंची साधारण २७.२ इंच. ज्यांच्याकडे मोठे ब्रेक असलेलं १९ इंची पॅकेज आहे त्यांचा २५५/४० आर १९, साइडवॉल फक्त १०२. त्या टायरने धक्का काय गिळायचा, काहीच नाही. मी पहिल्यांदा घेतला तो २७५/४० आर १७, सगळ्यात जास्त खपणारी साइज म्हणून, त्याची साइडवॉल ११०, म्हणजे मूळ टायरपेक्षाही कमी, आणि एकूण उंची २५.७ इंच. बुटका टायर.

बुटक्या टायरने दुसरं पण नुकसान होतं जे ऑटोमॅटिकवाल्याला कधी जाणवत नाही. टायर बुटका झाला की गिअरिंग आपोआप छोटं होतं. माझा ३.५५ त्या टायरवर ३.७७ असल्यासारखा वागायला लागला. पहिल्या गिअरचा रेशो आधीच ३.६६, म्हणजे लाँचला अजून जास्त ताकद, अजून जास्त फिरणं. आणि शेवटाला बघा, ताशी ११० मैलांवर चौथ्या गिअरमध्ये मूळ टायरवर इंजिन साधारण ६,३५० आरपीएमवर असतं, बुटक्या टायरवर ६,७५०. लिमिटर (इंजिनला त्यापुढे फिरू न देणारी मर्यादा) ७,०००वर आहे, माझं त्याच्या आत निभावलं, पण ज्यांच्याकडे ३.७३चा रेशो आहे त्यांचं त्याच टायरवर ७,१००च्या घरात जातं, म्हणजे शेवटच्या रेषेच्या थोडं आधीच लिमिटर लागतो नाहीतर पाचवा टाकावा लागतो. मॅन्युअलमध्ये एक जास्तीचा गिअर बदल म्हणजे पाव-अर्धा सेकंद हातचा गेला. टायर घेण्याआधी हा हिशोब कागदावर करा, ताशी मैल गुणिले गिअरचा रेशो गुणिले मागचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरची इंचातली उंची. पाच मिनिटं लागतात.

दुसऱ्यांदा मी ३०५/४५ आर १७ घेतला. साइडवॉल १३७ मिलिमीटर, उंची २७.८ इंच. रुंदीपेक्षा त्या जादा २७ मिलिमीटरने फरक पडला असं मी ठामपणे सांगतो, कारण लाँच मऊ झाला, क्लच सोडल्यावर जो ठक्क आवाज मागून यायचा तो गेला. १५ इंची रिम बसत असेल तर अजून चांगलं, २७५/६० आर १५ची साइडवॉल १६५ येते, पण माझ्या पिढीच्या मस्टँगला मागच्या ब्रेकचे कॅलिपर आडवे येतात, ते काम करून घ्यावं लागतं, मी केलं नाही. १७ इंचावर समाधानी आहे. रिमची रुंदी कंपनीने त्या टायरसाठी दिलेल्या मर्यादेतच ठेवा, ओढूनताणून अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो फुगतो आणि मधेच घासतो, मग शू पॉलिशचा पट्टा कितीही हवा बदलली तरी सारखा पुसला जात नाही.

तर कोणी काय घ्यावं. रोज ऑफिसला तीच गाडी आणि वर्षातून चार-पाच वेळा ट्रॅक, क्लच कंपनीचा, तर एनटी५५५आर किंवा ईटी स्ट्रीट एस/एस यांच्या वर्गातलाच रेडियल घ्या, खाचे जरा जास्त असतात, पावसात निदान घरी येता येतं. गाडी फक्त शनिवार-रविवारची आहे, हॉपचं काम झालंय, पाय हळू सोडायला जमतोय, तर एनटी०५आर किंवा ईटी स्ट्रीट आरचा रेडियल, पकड बरीच वाढते पण ट्रेड (जमिनीला टेकणारा खाचांचा थर) पटकन जातो. आणि ज्यांना क्लच धाडकनच सोडायचाय, सॉलिड एक्सल आहे, एक्सल शाफ्ट मजबूत घातलेत, ट्रॅक जवळ आहे, त्यांना बायस. मी बायसवर एक महिना मित्राची गाडी चालवली, लाँच इतका सुंदर, टायर पिळतो आणि मग गाडी ढकलल्यासारखी निघते, पण पुढे रेडियल आणि मागे बायस घेऊन रूट ४६वरून परत येताना ट्रकने पाडलेल्या चाकोरीत गाडी अशी डोलत होती की दोन्ही हात घट्ट आवळून चाळीसच्या वर गेलो नाही. रात्रीच्या वेळी, दमलेले असताना, हे मी कोणाला सुचवणार नाही. बायसच हवा असेल तर दुसऱ्या रिमवर बसवून सोबत न्या आणि ट्रॅकवर चाकं बदला, अर्धा तास लागतो.

नियमांचं पण बघून ठेवा. एनएचआरएच्या (अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संस्थेच्या) नियमात क्वार्टर माइल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून जलद गेलात की हेल्मेट लागतं. स्लिक (बिनखाचांच्या) टायरवर तेवढे जलद गेलात तर ड्राइव्हशाफ्ट लूप (मागे ताकद नेणारा दांडा तुटला तर धरणारा पट्टा) लागतो, रस्त्याच्या टायरवर मात्र ११.४९ किंवा त्याहून हळू असाल तर सूट आहे. आता तुमचा डीओटी बायस तिथल्या तपासणीवाल्याच्या नजरेत स्लिक की रस्त्याचा, हे आधी फोन करून विचारा, गेटवर वाद घालण्यात दिवस जातो. मॅन्युअल गाडी ११.४९ किंवा त्याहून जलद गेली की एसएफआय (रेसिंगच्या सुरक्षा मानकांच्या) छापाचा क्लच-फ्लायव्हील आणि वरून फ्लायव्हीलचं संरक्षक कवच पण लागतं, आणि तो नियम पायांसाठी आहे, फुटलेलं फ्लायव्हील थेट पेडलच्या दिशेने येतं. माझी गाडी अजून १२ सेकंदांच्या वरच आहे तरी कवचासाठी पैसे बाजूला काढायला सुरुवात केलीय. रस्त्यावर न्यू जर्सीत निदान १/१६ इंच ट्रेड लागतो आणि या टायरचा ट्रेड नवा असतानाच फार नसतो, म्हणून महिन्यातून एकदा मोजत चला. डीओटीचा छाप आहे म्हणजे पावसात सुरक्षित, असं अजिबात समजू नका. साचलेल्या पाण्यावर रुंद, दोन खाच्यांचा टायर तरंगतो आणि मॅन्युअलमध्ये खालचा गिअर टाकताना मागची चाकं क्षणभर अडली तरी गाडी फिरते. पावसाचा अंदाज असेल तर मी जातच नाही.

पुण्या-मुंबईच्या दोघांनी विचारलं होतं की ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर हे टायर चालतील का. भारतात २०१६ला आलेली मस्टँग ऑटोमॅटिकच आली, त्यामुळे तिला यातलं क्लचचं पुराण लागू नाही, पण महत्त्वाचं म्हणजे इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या ट्रॅकवर सुरुवातीच्या भागात चिकट गोंदासारखं द्रव्य फवारलेलं असतं आणि रबराचा थर बसलेला असतो, ड्रॅग रेडियल त्या जमिनीसाठी बनवलाय. साध्या धावपट्टीच्या डांबरावर त्याचा फायदा बराच कमी होतो. तिथे हवा, आरपीएम आणि पाय यांवरच जास्त मेहनत घ्या.

परत येतानाचं एक सांगायचं राहिलं. ट्रॅकच्या गेटबाहेर पडायच्या आधी हवा परत ३० पीएसआयच्या पुढे भरायची, सिगारेट लायटरवर चालणारा छोटा पंप डिकीत ठेवा, दोन टायरना आठ-दहा मिनिटं लागतात. २० पीएसआयवर हायवेने आलात तर कडा एका सीझनमध्ये संपतील आणि टायर आतून तापेल. भरताना टायरवर हात फिरवून बघा, वाळूचे खडे आणि रबराचे गोळे चिकटलेले असतात, ते नखाने काढता येतात तेवढे काढा, फेंडरमध्ये ताडताड उडत राहतात.

थंडीचं मात्र कडक पाळा. या टायरचं रबर गोठणाऱ्या थंडीत कडक होतं, तशा वेळी चालवलं किंवा नुसतं वाकवलं तरी ट्रेडला बारीक चिरा जाऊ शकतात. मी ऑक्टोबरच्या शेवटी मागचे दोन्ही काढतो, काळ्या पिशवीत गुंडाळून घरात जिन्याखाली ठेवतो, गराजमध्ये नाही, कारण आमचं गराज जानेवारीत बाहेरच्याइतकंच थंड असतं. बायको दरवर्षी रबराच्या वासाबद्दल बोलते आणि तिचं बरोबर आहे, पण पिशवीचं तोंड चिकटपट्टीने नीट बंद केलं की वास बराच कमी होतो.